मुलांना घेऊन लाव्हाच्या डोंगरात: सह्याद्रीतली पहिली भटकंती कशी आखावी

पाच ते बारा वर्षांची मुलं, कॉलेजात असताना एखाददुसरा गड चढलेले आईबाप आणि "आम्हीपण येणार" म्हणून तयार होऊन बसलेले आजी-आजोबा, अशा घरांसाठी हे लिहितोय. ट्रेकवाली मंडळी ज्या गडाला 'सोपा' म्हणतात तो मुलांना सोपा असतोच असं नाही. उलट "मुलांना कसं झेपणार" म्हणून आपण ज्या जागा सोडून देतो, त्यातल्या कितीतरी त्यांना आरामात झेपतात. हा गोंधळ टाळण्यासाठी पुढचा सगळा क्रम.

माझा भर एका गोष्टीवर आहे. मुलाला माथ्याचं आमिष दाखवू नका, वाटेवरचा दगड दाखवा. सह्याद्री म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, आणि त्याच्या खुणा पायथ्यापासून दिसतात. खुणा शोधत चालणारं मूल "अजून किती राहिलं?" हे जरा कमी विचारतं. अगदी बंद होत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

१. निघायच्या आदल्या रात्री गोष्ट सांगा

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरातल्या आजच्या रीयुनियन बेटाजवळच्या, जमिनीखालून तापलेल्या एका जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर पडू लागला. तो एकदाच आला आणि थांबला असं नाही. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग कधीतरी त्यावर दुसरा यायचा. पोळ्यांची चळत रचावी तसं हे लाखो वर्षं चाललं. आज उरलेला हा काळ्या दगडाचा प्रदेश जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भरतो आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यात येतो. पुढे पावसानं आणि नद्यांनी तो कोरला. पश्चिमेची कड झिजत झिजत मागे सरकली आणि कोकणातून वर बघताना दिसते ती भिंत उभी राहिली.

मुलं तीन प्रश्न विचारणारच, म्हणून उत्तरं तयार ठेवा.

"ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" चित्रातल्यासारखा शंकूचा डोंगर इथे शोधायचा नाही. इथला लाव्हा मुख्यतः भेगांमधून वाहिला.

"पुन्हा फुटेल का?" नाही. ज्या गरम जागेवरून आपण आलो ती मागे राहिली. रीयुनियन बेटावरचा ज्वालामुखी मात्र अजून जागा आहे. त्याचा व्हिडिओ दाखवला की मुलं खूश होतात.

"तेव्हा डायनासोर होते?" होते, आणि याच काळात संपले. मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीला त्याचं मुख्य कारण मानतात. आपल्या लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. गडाच्या दगडात डायनासोरचा सांगाडा सापडायचा नाही, हेही आधीच सांगा, नाहीतर दिवसभर खणत बसतील.

२. जागा मुलाच्या पायांच्या हिशेबानं निवडा

पुस्तकात किंवा व्हिडिओत दिलेल्या वेळेची दुप्पट धरा. "एक तासात माथा" म्हणजे मुलांसह दोन तास. उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, कारण उतारावर मुलांचे गुडघे आणि आपला जीव दोन्ही थकतात.

अगदी लहान असतील, चार-पाच वर्षांची, तर डोंगरच नको. मुंबईत अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. इमारतींच्या गर्दीत सुमारे ६० मीटर उंचीचा काळा कातळ उभा आहे, त्याच्या अंगावर उभे खांब स्पष्ट दिसतात आणि वर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या चढून जाता येतं. पण खांब नीट दिसतात ते खालून, त्यामुळे आधी पायथ्याशी थांबा. पुणे-नगरकडच्या लोकांना निघोज जवळ पडेल. कुकडी नदीनं पात्रातल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्याच काळ्या दगडात, रांजणखळगे कोरलेत. भोवऱ्यात गरगर फिरणारे दगडगोटे कातळ घासत गेले, त्याचे हे खड्डे. चढ नाही, मळगंगेचं देऊळ शेजारीच आहे. मात्र हे खळगे खोल आणि गुळगुळीत काठाचे आहेत. इथे मुलाचा हात सोडायचा नाही आणि पाण्यात उतरायचं नाही.

सहा-सात वर्षांपासून लोहगड. त्याचं सविस्तर पुढे येतंय.

नाणेघाट दोन तऱ्हांनी करता येतो. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी माथ्यापर्यंत जाते. तिथून जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण बघायचा, घळीतून थोडं उतरायचं, सातवाहनकाळातलं लेणं आणि त्यातला ब्राह्मी शिलालेख बघून परत यायचं. त्या लेखात आकडे कोरलेले आहेत. गणिताला कंटाळलेल्या मुलांना दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे शोधायला लावा. दुसरी तऱ्हा म्हणजे मुरबाडकडून, वैशाखरे गावाच्या बाजूनं खालून चढणं. तो पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे, पहिल्या फेरीला नको.

पनवेलपुढचा कर्नाळा आठ-नऊ वर्षांच्या मुलांना जमतो. पक्षी अभयारण्यातून झाडीची वाट आहे, त्यामुळे ऊन कमी लागतं. माथ्यावर बेसॉल्टचा अंगठ्यासारखा सुळका आहे. सुळक्यावर चढायचं नसतं, ते दोरवाल्यांचं काम. पायथ्याशी खोदलेली पाण्याची टाकी बघून मागे फिरायचं.

कर्जतजवळचा कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, मला मुलांसाठी सगळ्यात आवडतो. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेल्या पायऱ्यांनी वर जायचं! पण आंबिवलीपासून पेठ गावापर्यंतच बरीच चाल आहे आणि गावापुढची चढण खडी आहे. दोन-तीन भटकंत्या झाल्यावर ठेवा. पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगड त्यानंतर. कोकणकड्याचा तो आत वळलेला प्रचंड कडा बघायलाच हवा, पण कड्याच्या काठावर पोट टेकवून झोपायची शिस्त नसलेल्या मुलाला तिथे नेऊ नका.

हरिहर, कलावंतीण, अलंग-मदन-कुलंग आणि हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, ही नावं मुलांबरोबरच्या यादीतून सरळ काढून टाका. फोटो कितीही चांगले येत असले तरी.

३. महिना ठरवा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. हवा स्वच्छ असते आणि समोरच्या डोंगराचे थर लांबून मोजता येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रानफुलंही असतात.

मार्चपासून काळा कातळ तापतो. सकाळी दहानंतर दगडावर हात ठेववत नाही. वाळलेलं गवत आणि सुटी माती यांचा घसारा होतो, त्यावर मोठी माणसंही बसकण मारतात. जायचंच असेल तर उजाडताना चढायला लागा आणि दहाच्या आत खाली या.

पावसाळ्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. जून ते सप्टेंबर पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबानं गडावर जाऊ नये. धुक्यात थर दिसत नाहीत, कातळावर शेवाळ असतं आणि शनिवार-रविवारी पायऱ्यांवर इतकी गर्दी होते की माणूस वर जाऊ शकत नाही आणि खालीही येऊ शकत नाही. पाऊस अनुभवायचाच असेल तर मधल्या वारी, सपाट जागी जा.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच लागतात, पण नसली की अडतं:

- मोठ्यांचं एक ओळखपत्र (आधार चालतं), मुलांच्या आधारची किंवा शाळेच्या ओळखपत्राची फोनवर प्रत
- पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी प्रवेश तिकीट. १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, पण वय विचारलं तर दाखवता यायला हवं
- अभयारण्यात प्रवेश शुल्कासाठी रोख पैसे. रेंज नसली की यूपीआयचा काही उपयोग नाही
- गाडीची कागदपत्रं, गाडीनं जात असाल तर
- कुणाला दमा, ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात

सामानात पाणी पहिलं. मोठ्या माणसाला दोन ते तीन लिटर, मुलाला किमान एक लिटर. गडावरच्या टाक्यातलं पाणी न गाळता, न उकळता मुलांना देऊ नका. ओआरएसची पाकिटं ठेवा. खाण्यात चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, काकडी, संत्री, पोळीचे रोल. चिप्सनं तहान वाढते आणि माकडं पिशवीचा आवाज ओळखतात.

बुटांचा तळ खाचांचा हवा. शाळेचे पांढरे कॅनव्हास आणि क्रॉक्स घरी. नवे बूट आधी आठवडाभर घरात आणि बागेत वापरू द्या. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, शिट्टी (प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक), जिवाणुनाशक मलम, चिकटपट्ट्या, क्रेप बँडेज, विजेरी, कचऱ्यासाठी रिकामी पिशवी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड गाडीत.

शेवटची वस्तू म्हणजे भिंग. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं चालेल. का, ते पुढच्या टप्प्यात.

५. दगड वाचायला शिका

या चार-पाच गोष्टी आईबाबांना ओळखता आल्या की निम्मं काम झालं. भूगर्भशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही.

*पायऱ्या-पायऱ्यांचा डोंगर.* समोरच्या डोंगराकडे बघा. उभा कडा, मग थोडा उतार, त्यावर पुन्हा कडा. सलग, घट्ट दगडाचा थर कडा होऊन उभा राहतो. भुसभुशीत, जाळीदार थर झिजून उतरता होतो आणि त्यावर झाडी धरते. म्हणजे झाडीचा हिरवा पट्टा आणि काळा कातळ आलटून-पालटून दिसला की थर मोजता येतात. मुलांना मोजायला लावा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि त्यावरून भांडणं होतात, तेवढाच चढ संपतो. गडांच्या माच्या याच उतरत्या टप्प्यांवर वसल्या आणि वरचा कडा फुकटात तटबंदी झाला.

*भोकांचा दगड.* लाव्हात वायूचे बुडबुडे असतात. ते वर येताना लाव्हा थिजला की दगडाला भोकं राहतात. म्हणून थराच्या वरच्या भागात भोकं जास्त. ही खूण कळली की एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे मूल स्वतः सांगू लागतं.

*पांढरे खडे.* त्या भोकांमधून नंतर पाणी झिरपलं आणि आत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी असे स्फटिक वाढले. भिंग यासाठी. वाटेवरच्या दगडात हरभऱ्याएवढे पांढरे, कधी हिरवट ठिपके दिसतील. यातले मोठे नमुने बघायचे असतील तर नाशिकजवळ सिन्नरला 'गारगोटी' संग्रहालय आहे, पावसाळ्यातल्या रविवारी तिकडे जा. गडावरचे, लेण्यातले खडे ठोकून काढायचे नाहीत हा नियम आधीच सांगून ठेवा. बघायचं, फोटो काढायचा, पुढे चालायचं.

*लाल पट्टा.* दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा आल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, मधल्या वेळात वरच्या दगडाची माती झाली आणि नंतर आलेल्या लाव्हाखाली ती भाजली गेली. घाटरस्त्यांवर डोंगर कापलेला असतो तिथे हा पट्टा गाडीतूनही सापडतो. माझ्या मते अख्ख्या सह्याद्रीत मुलांना दाखवण्यासारखी याहून चांगली गोष्ट नाही, कारण त्या चार बोटं किंवा हातभर मातीत वेळ दिसतो.

*उभी भिंत.* आडव्या थरांना चिरत गेलेली दगडाची सरळ पट्टी दिसली, तर तो लाव्हा भेगेतच थिजलेला. शास्त्रात त्याला डाइक म्हणतात. आणि गिल्बर्ट हिलसारखे खांब दिसले तर समजा की जाड लाव्हा सावकाश थंड होताना आकसला आणि त्याला अशा उभ्या चिरा पडत गेल्या.

६. पहिली फेरी: लोहगड

लोहगड निवडण्याचं कारण साधं आहे. वर जायला बांधीव पायऱ्या आहेत, वाट चुकायची सोय नाही, पायथ्याशी जेवण मिळतं आणि लेणी, गड, धरण तिन्ही एका दिवसात होतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांमध्ये हा एक आहे, त्यामुळे गर्दी वाढलेली धरून चाला.

*पोहोचणं.* पुणे-लोणावळा लोकलनं मळवली. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरायची. दुपारच्या वेळी लोकल विरळ असतात, परतीचं वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा. मळवलीहून भाजे गाव आणि पुढे लोहगड-विसापूरमधल्या खिंडीतून लोहगडवाडी. हे चालत गेलं तर मुलांची ताकद पायथ्यालाच संपते, म्हणून पहिल्यांदा वाडीपर्यंत रिक्षा किंवा गाडी. भाडं बसायच्या आधी ठरवा, परतीचंही. गाडी स्वतःची असेल तर सकाळी साडेसातच्या आत वाडीत पोहोचा, नंतर त्या अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की खोळंबा ठरलेला.

*चढ.* एकामागून एक चार दरवाजे लागतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. प्रत्येक दरवाजा म्हणजे एक थांबा, पाणी आणि दोन घास. मधे बसायचं नाही असं ठरवलं तर मुलं खेळासारखं घेतात. पायऱ्यांच्या बाजूच्या कातळावर भोकं आणि पांढरे खडे शोधा. वर चढताना मागे वळून विसापूरच्या कड्याकडे बघा, आडवे थर तिथे छान दिसतात. एक मोठा माणूस सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, मुलं मधे. आजी-आजोबांना दम लागला तर गणेश दरवाज्यापाशी थांबवण्यात कमीपणा नाही, तिथूनही दृश्य सुंदर आहे.

*माथा.* नाना फडणवीसांनी बांधवलेलं सोळा कोनांचं तळं बघा, लक्ष्मीकोठी बघा आणि मग पश्चिमेकडच्या टोकाला या. खाली पवना धरणाचं पाणी, पलीकडे तिकोना आणि तुंग. ते दोन त्रिकोणी डोंगर कधीकाळी याच सलग थरांचा भाग होते, मधला दगड वाहून गेला, हे इथे उभं राहून सांगा. घरी सांगून कळत नाही ते इथे एका नजरेत कळतं.

विंचूकाटा म्हणजे गडापासून लांब गेलेली चिंचोळी सोंड. तिथे उतरायला छोटा कातळटप्पा आहे. कातळ कोरडा असेल, वारा नसेल आणि दर मुलामागे एक मोठा माणूस असेल तरच उतरा. नाहीतर वरूनच बघा.

*उतरताना* मुलांना पळू देऊ नका, पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या आहेत. वाडीत पिठलं-भाकरी आणि ताक. मग परतीच्या वाटेवर भाजे. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात सुरू झालेली २२ लेणी, त्याच लाव्हाच्या थरात कोरलेली. मुलांच्यात जीव उरला असेल तरच चढा.

७. हमखास फसायच्या जागा

नकाशाच्या ॲपवर गडाचं नाव टाकलं तर ते कधीकधी डोंगराच्या भलत्याच बाजूला नेऊन सोडतं. गडाचं नको, पायथ्याच्या गावाचं नाव टाका आणि शेवटच्या चौकात माणसाला विचारा.

धबधबा. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी खाली काही क्षणांत येतं, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. प्रवाहाच्या मधल्या दगडावर मुलांना उभं करून फोटो काढू नका. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही ठिकाणी बंदीचे आदेश काढतात, निघण्यापूर्वी बातम्या बघा.

मधमाश्या. कातळकड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, कर्नाळ्याच्या सुळक्यावरही. अत्तर, डिओ लावून जायचं नाही, धूर करायचा नाही, दगड मारायचे नाहीत, आरडाओरडा नाही. माश्या उठल्या तर हात न हलवता, तोंड झाकून लांब निघून जा.

'फॅमिली ट्रेक' म्हणून पैसे घेणारे गट. नाव नोंदवण्याआधी चार प्रश्न विचारा: किती मुलांमागे किती प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार कोणाला येतो, एका तुकडीत एकूण किती लोक, आणि पाऊस झाला तर पैसे परत की तारीख बदल. गोलमोल उत्तर आलं तर तिथेच सोडा. एकट्या कुटुंबानं गावातला वाटाड्या घेणं बऱ्याचदा स्वस्त आणि सुरक्षित पडतं.

मुक्काम. पुरातत्त्व खात्याच्या गडावर रात्री राहता येत नाही. गावात घरगुती सोय असते, तिथे राहा.

काही घडलंच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज जाते, म्हणून जेवण घेतलं त्या घरचा नंबर आणि निघण्याची वेळ तिथेच देऊन ठेवा. लोणावळा परिसरात शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांची माणसं आहेत आणि गावकरी त्यांना सगळ्यात लवकर गाठतात.

८. दुसरी फेरी कधी

मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत नीट गेली आणि पाय दुखतात म्हणून रडली नाहीत, तर तीन-चार आठवड्यांत कर्नाळा किंवा वरून नाणेघाट करा. रडली तर निघोज किंवा गिल्बर्ट हिल, आणि लोहगड पुन्हा पुढच्या हिवाळ्यात. भिंग सॅकमध्येच राहू द्या, घरात काढलं की सापडत नाही.